मँडरिन माशाचं पोट भरलेलं ठेवायचं तर आधी पॉड, मग मासा

रीफ टँकमधला (प्रवाळांच्या खार्‍या पाण्याच्या टाकीतला) मँडरिन आजारापेक्षा उपासानेच जास्त मरतो, आणि तोही अशा टँकमध्ये जिथे बाकीचे मासे दोन वेळा पोटभर जेवत असतात. तो नखरेल आहे म्हणून खात नाही असं सगळे म्हणतात, पण मूळ अडचण त्याच्या खाण्याच्या रीतीत आहे. तोंड अगदी लहान, चाल संथ. एखादा कण दिसला की थांबतो, निरखतो, मग टिपतो. तोवर डॅमसेल आणि क्लाउनफिशनी वरचं सगळं संपवलेलं असतं. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम प्रशांत महासागरात, आडोशाच्या उथळ पाण्यात, तुटक्या प्रवाळांच्या ढिगार्‍यांत हा मासा राहतो. तिथे तो कोपेपॉड आणि अँफिपॉड (कोळंबीच्या गणगोतातले इवले जीव, पुढे नुसते पॉड), बारीक कृमी, इवल्या गोगलगायी आणि माशांची अंडी टिपत असतो. एकदा पोट भरलं की निवांत, असं त्याचं नसतं. शेळीसारखा तो दिवसभर हिंडत तोंड मारत राहतो.

म्हणून मुख्य काम एकच आहे: मासा जेवढे कोपेपॉड खातो त्याहून जास्त टँकमध्ये रोज तयार झाले पाहिजेत. गोठवलेलं खाणं शिकवता येतं, पण तो दुसरा आधार. विदर्भातल्या गावात या कामाला तीन गोष्टी आडव्या येतात: मे महिन्याचं ऊन, जाणारी वीज आणि कपाशीवरची फवारणी. या तिन्हींचा मार माशाआधी पॉडवर बसतो. मासा तगून जातो, पॉड मरतात, आणि तीन-चार आठवड्यांनी मासा खंगलेला दिसू लागतो. तोवर मूळ कारण विस्मरणात गेलेलं असतं.

टँक केवढा, किती जुना

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे ३४० लिटर. एका मँडरिनसाठी २८० लिटरच्या खाली जाऊ नका. लहान टँकमध्ये मासा ठेवता येतो, पण मग आयुष्यभर बाहेरून पॉड पुरवावे लागतात. टँक सुरू होऊन किमान सहा महिने, शक्यतो वर्ष झालेलं असावं. दगड ३५ ते ४० किलो, आणि तेही भेगा-छिद्रांचे. गुळगुळीत दगडात पॉडना लपायला जागाच नसते.

समुद्रातला जिवंत दगड आणा, असा सल्ला परदेशी पुस्तकांत सर्रास असतो. आपल्याकडे कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि त्यांचे मेलेले सांगाडेही त्यातच येतात. त्यामुळे सिरॅमिकचा किंवा मानवनिर्मित सच्छिद्र दगड घ्या. हा दगड कोरा असतो, त्याच्यासोबत एकही पॉड येत नाही. सगळी वस्ती तुम्हालाच वसवायची आहे, म्हणून मासा आणण्याच्या तीन महिने आधी पॉड सोडायला सुरुवात करा.

टँकच्या कोपर्‍यात किंवा सम्पमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) सुपारीएवढ्या दगडांचा ढीग रचा. मुख्य टँकमध्ये ठेवायचा असेल तर तीन-चार मिलिमीटर फटीच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत भरून ठेवा. पॉड फटीतून बाहेर येतात, मासा आत जाऊ शकत नाही. बीज राखून ठेवण्याची ही सगळ्यात स्वस्त सोय. सम्पमध्ये २५-४० लिटरचा कप्पा रिफ्युजियम, म्हणजे पॉडची सुरक्षित जागा, म्हणून राखा, त्यात किटोमॉर्फा शेवाळ ठेवा आणि त्यावरचा दिवा मुख्य टँकचे दिवे बंद असताना, म्हणजे रात्री, चालवा.

मागची आणि एक बाजूची काच घासू नका. तिथला हिरवट-तपकिरी थर हेच पॉडचं कुरण. पाणी अति स्वच्छ ठेवण्याची हौसही इथे नडते: नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. दोन्ही शून्यावर आणले की काचेवर थर धरत नाही, आणि थर नाही तर पॉडही नाहीत. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) वापरत असाल तर तो धुण्याआधी टँकच्याच पाण्यात उलटा करून झटका. त्यात बरेच मोठे पॉड अडकलेले असतात.

सोबतीला कोण नको, हे आधीच ठरवा. सिक्सलाइन रास आणि त्याच्यासारखे बारीक टिपणारे रास मासे, स्कूटर ब्लेनी नावाने विकला जाणारा ड्रॅगोनेट, पाइपफिश: हे सगळे त्याच ताटातले वाटेकरी. दोन नर मँडरिन एकत्र ठेवू नका, जीव जाईपर्यंत भांडतात. पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा उंच असेल तो नर.

पाणी

बोअरचं पाणी थेट चालत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मुळातच खारट असतं, म्हणून ते समुद्री टँकला चालेल असं वाटू शकतं. ते चालत नाही. त्यातल्या क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखं नसतं, आणि शेतीच्या भागात नायट्रेटही उतरलेलं असतं. घरच्या आरओतून निघालेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) बर्‍याचदा ५०-१०० राहतो. त्याच्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) नळकांडं जोडा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ मिसळू नका. बोअरचं पाणी फार जड असेल तर रेझिन लवकर संपतं, म्हणून आरओचा मेंब्रेन वेळेवर बदलणं शेवटी स्वस्त पडतं. टिनाच्या छपरावरून गोळा केलेलं पावसाचं पाणी घेऊ नका, त्यात जस्त उतरतं. मीठ लिटरला साधारण ३६-३८ ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व १.०२५.

पॉडची बरणी

ही टँकपासून वेगळी, आणि एक नव्हे तर तीन. एक बरणी कधी ना कधी बसतेच, म्हणजे तिच्यातले पॉड एकदम मरतात, तेव्हा बाकीच्या दोन कामी येतात. तिन्ही एकाच टेबलावर ठेवू नका. एक दुसर्‍या खोलीत असू द्या.

जात निवडताना टिस्बे पहिली. ती तळाशी आणि काचेवर सरपटते, लहान असते, टँकमध्ये वस्ती करते. तिच्या जोडीला अपोसायक्लॉप्स ठेवा, कारण ती उष्णता जास्त सोसते आणि आपल्याकडे हा गुण फार मोलाचा आहे. टिग्रिओपस मोठा आणि लालसर असतो. मासा तो झडप घालून खातो, पण नजरेत लगेच भरत असल्याने टँकमध्ये त्याची वस्ती टिकत नाही. खंगलेल्या माशाला खुराक म्हणून त्याचा उपयोग.

रुंद तोंडाची ५ ते १० लिटरची पारदर्शक बरणी घ्या. त्यात १.०२२ ते १.०२५ चं मिठाचं पाणी दोन तृतीयांश भरा. हवेची कडक प्लॅस्टिक नळी तळापर्यंत सोडा, एअरस्टोन (बारीक बुडबुडे काढणारा दगड) लावू नका. सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरेत. बारीक फेसाळ हवेत पिल्लं पृष्ठभागावर चिकटून मरतात. २५० ते ५०० मिली बियाणं, म्हणजे जिवंत पॉड असलेलं पाणी, ओता, वर झाकण सैल ठेवा. उजेड खोलीतला चालतो, पण थेट ऊन नको.

खाद्य म्हणजे हिरवं फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, थोडक्यात फायटो): पाणी फिकट हिरवं दिसेल एवढंच घाला. दोन-तीन दिवसांनी पाणी निवळलं की पुन्हा तेवढंच. गडद हिरवं केलं तर उरलेलं शेवाळ तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत बरणी बसते. वास घेऊन बघा: समुद्रासारखा वास ठीक, सडक्या अंड्यासारखा आला तर वरचं पाणी हलकेच गाळून जिवंत पॉड नव्या बरणीत हलवा.

दोन-तीन आठवड्यांनी काढणी सुरू. गाळणीसाठी महागड्या चाळण्यांची गरज नाही. लग्नपत्रिका छापणार्‍या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाळीचं कापड मिळतं: १२० नंबरची जाळी, म्हणजे एका सेंटीमीटरला १२० धागे, साधारण ५० मायक्रॉनची असते आणि तिच्यात पिल्लांसकट सगळे अडकतात, ४३ नंबरची सुमारे १५० मायक्रॉनची, तिच्यातून पिल्लं निसटतात आणि मोठे वर राहतात. कापड नवंच घ्या, शाई लागलेलं नको. पीव्हीसी पाइपच्या चार इंची तुकड्याला अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने चिकटवा, दोन दिवस वाळू द्या. आठवड्यातून एकदा बरणीतलं २०-२५ टक्के पाणी यातून गाळा, पॉड टँकला द्या आणि बरणीत तेवढंच ताजं मिठाचं पाणी भरा. दर पाच-सहा आठवड्यांनी बरणी रिकामी करून धुऊन नव्याने लावा.

टँकमध्ये पॉड सोडायचे ते दिवे बंद झाल्यावर तासाभराने. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) अर्धा-पाऊण तास बंद ठेवा आणि मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजला नळी जोडून दगडांच्या बुडाशी हलकेच सोडा. दिवसा वरून ओतले तर निम्मे बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

हिरवं पाणी

हे फायटोही घरीच वाढवा. त्याच्या जातींत नॅनोक्लोरोप्सिस सगळ्यात चिवट, पण पॉडना नुसत्या त्यावर ठेवू नका. टेट्रासेल्मिस किंवा आयसोक्रायसिस सोबत दिलं तर पॉडही चांगले पोसतात आणि ते खाणारा मासाही. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या स्वच्छ बाटल्या, १.०२० चं मिठाचं पाणी, चौथा हिस्सा जुनं हिरवं बियाणं आणि एफ-टू नावाचं शेवाळाचं खत सहसा लिटरला १ मिली, नाहीतर बाटलीवर लिहिलं असेल तसं. हवा जोरात, पांढरा एलईडी १६ तास. सात ते दहा दिवसांत गडद हिरवं होतं. तीन हिस्से काढून फ्रिजमध्ये ठेवा (गोठवू नका, रोज एकदा हलवा, तीन आठवड्यांत संपवा) आणि उरलेल्या हिश्श्यावर पुढची बाटली लावा.

घरात युरिया किंवा डीएपीचं पोतं असतंच, ते वापरायचा मोह टाळा. न वापरला गेलेला अमोनिया हिरव्या पाण्यासोबत थेट पॉडच्या बरणीत उतरतो. पॉडची कोणतीही वस्तू फायटोच्या बाटलीला लावू नका; एक पॉड जरी आत गेला तरी पुढे बाटली पांढरी पडू शकते.

उन्हाळा

टिस्बेला २२ ते २६ अंश मानवतं. २८ च्या वर वाढ मंदावते, ३० च्या वर बरणी बसण्याची भीती. अकोल्यात किंवा चंद्रपुरात बाहेर ४५-४६ अंश असताना घरातली खोलीही ३५-३६ वर जाते, म्हणून जागेची निवड हीच निम्मी लढाई. टँक आणि बरण्या माजघरात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला आणि टिनाखाली तर कधीच नको. स्लॅबवर चुना मारा किंवा वर हिरवी नेट बांधा.

पाण्यावर आडवा वारा घालणारे लहान पंखे कोरड्या हवेत टँक तीन-चार अंशांनी उतरवतात. मात्र त्याच खोलीत कुलर चालवला तर हवा दमट होते आणि पंख्याचं काम जवळजवळ थांबतं. दोन्हीपैकी एक निवडा: कुलर शेजारच्या खोलीत, किंवा कुलर इथे आणि टँकला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र). चिलर घेतलात तर त्याची गरम हवा भिंतीपलीकडे काढा, नाहीतर तो स्वतःच खोली तापवतो. बाष्पीभवनाने मे महिन्यात पाणी झपाट्याने उतरतं आणि खारटपणा चढतो. भर रोज घाला, आणि ती साध्या आरओ-डीआय पाण्याचीच, मिठाच्या पाण्याची नव्हे.

बरण्यांना चिलर नको. परातीत पाणी भरून त्यात बरण्या ठेवा, भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा, त्याचं टोक पाण्यात राहू द्या आणि बाजूने पंख्याचा वारा लागू द्या. फडकं वाळलं तर सगळं व्यर्थ, म्हणून दुपारी एकदा बघाच. एप्रिल लागला की टिस्बेची एक बरणी एसी असलेल्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या. जुलैत तेच बियाणं परत येतं.

डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. रात्री पारा १० च्या आसपास येतो तेव्हा टँकला २०० ते ३०० वॅटचा हीटर २५ वर लावा. बरण्या मरत नाहीत, फक्त मंदावतात, म्हणून खाद्य निम्मं करा. पॉडचं बियाणं आणि मासा मागवायचा काळ मात्र हाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या डब्यात पार्सल आलं की सकाळीच उतरवून घ्या.

फवारणी आणि धूर

कोपेपॉड हे खेकडा-कोळंबीच्या गणगोतातले कवचधारी जीव, आणि कीटकनाशकं अशा जिवांना फार घातक. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड आणि प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं इतक्या कमी प्रमाणात पॉड मारतात की मासे वरून धडधाकट दिसतात. जुलै ते ऑक्टोबर कपाशी-तुरीवर फवारणीचे दिवस. वावर घराला लागून असेल तर फवारणी चालू असताना खिडक्या बंद ठेवा. एअर पंप खोलीची हवा सरळ पाण्यात ढकलतो, हे ध्यानात ठेवा: पंप आतल्या खोलीत ठेवा आणि हवा आत ओढण्याच्या तोंडाला कार्बन भरलेलं नळकांडं लावा. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नये. औषध मिसळलेली बादली, ड्रम, मग कितीही धुतला तरी मिठाच्या पाण्याला वापरू नका; या कामाच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या घ्या.

टँकच्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं मशीन, झुरळाचा स्प्रे काहीच नको, मच्छरदाणी बांधा. ग्रामपंचायतीची धुरळणी येणार असेल तर खोली बंद करून एअर पंप तासभर थांबवा, वेव्हमेकर चालू ठेवा आणि बरण्यांवर ओलं फडकं टाका. टँकमध्ये सक्रिय कार्बनची पिशवी या चार महिन्यांत कायम असू द्या.

वीज

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि एअर पंप एवढंच जोडा. दोन्ही मिळून फार वॅट खात नाहीत, १५० एएच बॅटरीवर रात्र निघते. साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्या, दुसर्‍या प्रकारावर पंप गुणगुणतात आणि तापतात. सम्पमध्ये एवढी मोकळी जागा ठेवा की वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी जमिनीवर येणार नाही. रिफ्युजियमचा दिवा एक रात्र गेला तर बिघडत नाही, हवा गेली तर बिघडतं.

मासा निवडताना

रंगाला भुलू नका. बहुतेक निळ्या प्राण्यांचा निळेपणा हा प्रकाशाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरीचं निळं रंगद्रव्य असतं आणि भुकेला मासाही तितकाच झगमगतो. पोट बघा. समोरून आणि वरून बघितल्यावर पोट गोलसर हवं, बाजूने बघितल्यावर डोक्यामागे खळगा नको आणि पाठीची कड धारेसारखी वर आलेली नको. त्याला दहा मिनिटं न्याहाळा: चांगला मासा सतत काहीतरी टिपत असतो. शेपटीजवळ किंवा पाठीवर सुई टोचल्यासारखी खूण असेल तर सोडून द्या. टँकमध्ये वाढवलेलं पिल्लू मिळत असेल तर जास्त पैसे देऊनही तेच घ्या, कारण अशी पिल्लं लहानपणापासून तयार खाणं ओळखतात.

मासा आणण्याआधीची शेवटची चाचणी: दिवे मालवून तासाभराने मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन लावून काच बघा. तळहाताएवढ्या जागेत डझनावारी हलणारे पांढरे ठिपके दिसले तर मासा आणा. चार-दोनच दिसले तर आणखी महिनाभर थांबा.

गोठवलेलं खाणं शिकवणं

टँकमध्ये लटकवायची छिद्रांची पारदर्शक पेटी घ्या, जिथे प्रवाह मंद असेल तिथे लावा, तळाशी दोन-तीन दगड ठेवा. पहिले तीन-चार दिवस फक्त जिवंत: पॉड आणि नुकतेच अंड्यातून फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे इवले जीव). आर्टेमियाची अंडी लिटरला २ ग्रॅम, २५ ते २८ अंश, जोरात हवा, उजेड. २४ तासांत फुटतात. फुटल्यावर पहिल्या सहा-आठ तासांत पिल्लांत पिवळ्या बलकाचा कस असतो, नंतर ती पोकळ होत जातात. उशिरा द्यायची असतील तर दुसर्‍या अवस्थेत गेल्यावर (पहिली कात टाकल्यावर) त्यांना बारा तास फायटो खाऊ घालून मगच द्या.

मग जिवंत आर्टेमियात गोठवलेलं सायक्लॉप्स, बारीक मायसिस (दोन्ही कोळंबीच्या गणगोतातले बारीक जीव) किंवा माशांची बारीक अंडी मिसळा. आधी चार हिस्से जिवंत, एक गोठवलेलं, मग हळूहळू उलट. गोठवलेलं टँकच्या पाण्यात वितळवून, गाळून, नळीने त्याच्या तोंडासमोर सोडा. हलणार्‍या जिवांत न हलणारा कण चुकून टिपला गेला की चव लागते. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि उरलेलं दर वेळी शोषून काढा. दोन ते चार आठवडे लागतात. काही मासे शिकतच नाहीत, त्यांना पेटीत ताणून ठेवू नका. तीन आठवड्यांनी काहीच प्रगती नसेल आणि पोट उतरू लागलं असेल तर पॉडच्या टँकमध्ये सोडा.

शिकलेल्यासाठी मोठ्या टँकमध्ये जेवणाची बाटली ठेवा: लहान तोंडाची काचेची बरणी आडवी, तिच्यापर्यंत वरून नळी. मँडरिन सावकाश आत शिरून जेवतो, चपळ मासे अरुंद तोंडातून सहसा जात नाहीत. ठरलेल्या वेळी दिलं तर आठवड्याभरात तो स्वतःच तिथे येऊन थांबतो.

गोठवलेलं पार्सल उन्हाळ्यात वितळून आलं तर पुन्हा गोठवू नका. गावात फ्रिज रोज काही तास बंद राहत असेल तर एकदम मोठा साठा न करता पंधरा दिवसांचाच आणा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या बर्फ करून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा.

पोट उतरू लागलं तर

दर रविवारी एकाच जागेवरून, बाजूने आणि वरून, माशाचा फोटो काढा. रोज बघणार्‍या डोळ्याला फरक कळत नाही. पोट आत गेलेलं दिसलं की आधी रात्रीच्या टॉर्चने पॉड मोजा. पॉड भरपूर आहेत, मासाही टिपतो आहे, तरी खंगतो आहे, तर पोटात कृमी असण्याची शक्यता. औषध वेगळ्या टाकीतच द्या, कारण कृमींची बरीच औषधं आणि तांबं टँकमधले पॉड आणि मासा खातो त्या बारीक कृमीही मारतात. पॉड कमी असतील तर मासा पेटीत घ्या आणि दिवसातून पाच-सहा वेळा जिवंत खाणं द्या: सकाळ-संध्याकाळ टिग्रिओपस किंवा टिस्बे, मध्ये ताजे आर्टेमिया. पोट दोन आठवड्यांत भरू लागलं पाहिजे. या काळात मुख्य टँकमध्ये तिन्ही बरण्यांतून एकदम पॉड सोडा, मागची काच तशीच ठेवा आणि टॉर्चखाली पुन्हा डझनावारी ठिपके दिसेपर्यंत मासा परत सोडू नका.